घाट चढताना इंजिनात टकटक, गॅरेजवाला म्हणतोय हाफ इंजिन काढावं लागेल – सल्ला हवाय

सासवडकर_७७
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची १.२ पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, ९२ हजार किमी झालेत, मी दुसरा मालक. गेल्या दिवाळीपासून असं होतंय की खंबाटकी चढायला लागलो की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनातून टकटकटक असा बारीक पण कडक आवाज सुरू होतो, एसी चालू असला की जास्त, आणि घरचे सगळे बसलेले असले की विचारूच नका. पिकअप पण पडल्यासारखा वाटतो. पुण्यात रोजच्या ट्रॅफिकमध्ये काही म्हणजे काही नाही. आमच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोनदा रेस देऊन ऐकलं आणि थेट निकाल दिला की बेअरिंग गेलंय, हाफ इंजिन काढायला लागेल, पस्तीस-चाळीस हजार धरून चला आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) खराब निघाला तर पुढचं पुढे बघू. पैसे घालायला ना नाही पण आवाज त्याच्यासमोर आलाच नाही आणि तरी निदान झालं हे काही पटेना. काय करू?

धडक_बेधडक
इंजिन ऑइल वीस-पन्नास (जाड ग्रेडचं) टाका, आवाज गायब. आमच्या जुन्या गाडीला तेच केलं होतं, विकेपर्यंत चालली.

टॉर्करेंच
@बेधडक, अहो ज्याने विकत घेतली त्याला विचारा किती चालली. :D
जाड ऑइलने आवाज दबतो, झीज दबत नाही. आणि आताच्या इंजिनांचे क्लिअरन्स बारीक असतात, कंपनीने पाच-तीससारखं पातळ ऑइल सांगितलंय तिथे वीस-पन्नास टाकलं तर थंड इंजिन सुरू केल्यावर ते वरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो, म्हणजे नेमकं जेव्हा ऑइल पाहिजे तेव्हा टॅपेट आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडबंद करणारे वरचे भाग) कोरडे.

पेट्रोलचा_भाव_विचारू_नका
हे सगळं ई२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे होतंय. माझ्या ओळखीत चार जणांच्या गाड्या नॉकिंग मारायला लागल्यात. इथेनॉल टाकून टाकून इंजिनं खाल्ली सगळ्यांची. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पण आहे, पाठवू का?

फीलर_गेज
व्हिडिओ राहू द्या, ई२० वर नंतर येतो. आधी धागाकर्त्याला काही प्रश्न, कारण "टकटक" या एका शब्दात निदान सात-आठ वेगवेगळे रोग येतात आणि त्यातले काही दोनशे रुपयांचे आहेत, काही पन्नास हजारांचे.

१. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर आवाज येतो का? येऊन गरम झाल्यावर जातो का?
२. न्यूट्रलमध्ये उभी असताना रेस दिली तर येतो का?
३. चढावर येत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय किंचित उचलला तर लगेच बंद होतो की रेंगाळतो?
४. दुसरा गिअर टाकून आरपीएम वर नेला तर कमी होतो का?
५. ऑइलचा लाल दिवा कधी लुकलुकलाय का, आणि डिपस्टिकवर ऑइल कुठपर्यंत आहे?

ही उत्तरं नीट द्या. ३३ वर्षं हेच काम केलंय, आता रिटायर आहे, फुकट बडबड करायला वेळ भरपूर.

सासवडकर_७७
काका, धन्यवाद. आज खास ऐकून आलो.
गार असताना काही नाही. उभ्या गाडीला कितीही रेस द्या, काही नाही, इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं. चढावर पाय उचलला की त्या क्षणी बंद, परत दाबला की परत चालू. दुसरा गिअर टाकला तर कमी होतो, जवळजवळ जातोच. ऑइलचा दिवा फक्त चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन सुरू झालं की जातो. ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे, चार महिन्यांपूर्वी बदललं.

फीलर_गेज
मग बेअरिंग विसरा. निदान आत्ता तरी.

बघा, बिग एंडचं बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला पकडतो तिथलं, ते गेलं की आवाज खोल येतो, ठोक्यासारखा, खालून चेंबरच्या (ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्याच्या) बाजूने. उभ्या गाडीला दोन-अडीच हजारावर रेस देऊन सोडली की सोडताना हमखास कडकडतं. आणि इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झालं की वाढतं. तुमचं यातलं एकही नाही. पिस्टन स्लॅप, म्हणजे सैल पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला आपटणं, असता तर गार असताना आला असता आणि पिस्टन गरम होऊन फुगला की कमी झाला असता, तेही नाही. टॅपेट असतं तर वरून, व्हॉल्व्ह कव्हरखालून, आयडलिंगलाच टिकटिक केलं असतं. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे आठशे आरपीएमला एका सैल टॅपेटचे मिनिटाला चारशे ठोके आणि रॉडचे आठशे. सवयीच्या कानाला हा फरक लगेच कळतो.

फक्त लोडवर येणारा, पाय उचलताच मरणारा, खालच्या गिअरला कमी होणारा बारीक कडक आवाज म्हणजे डेटोनेशन. ज्याला आपण गॅरेजात "गाडी नॉकिंग मारते" म्हणतो ते अस्सल नॉकिंग. तिथे धातूवर धातू आपटतच नाहीये. प्लगने ठिणगी टाकली, ज्योत पसरायला लागली, पण ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप पेटलं, त्याने दाबाच्या लाटा उठल्या आणि सिलिंडरच्या भिंती वाजल्या. इंजिनाचा लोखंडी भाग अजून शाबूत आहे, पण असंच वर्षभर चालवलं तर पिस्टनच्या कडा आणि रिंगांच्या मधल्या पट्ट्या तुटतात, मग मात्र तुमचा गॅरेजवाला बरोबर ठरेल.

टॉर्करेंच
+१. आणि २०१४ च्या गाडीला नॉक सेन्सर असणारच. ब्लॉकला बोल्टने बसवलेला छोटा गोल तुकडा, पिझोइलेक्ट्रिक, साधारण सहा-सात किलोहर्ट्झची थरथर पकडतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो, मग ईसीयू टायमिंग मागे घेतं, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतं. पिकअप पडल्यासारखा वाटतो तो बहुतेक त्यामुळेच. प्रश्न असा की सेन्सर असून आवाज कानाला ऐकू का येतोय? एकतर सेन्सरच मेलाय, किंवा ईसीयूला मागे घ्यायची जेवढी मुभा आहे तेवढी संपली आणि तरी नॉकिंग उरतंय.

पेट्रोलचा_भाव_विचारू_नका
म्हणजे पेट्रोलच वाईट, मी तेच म्हणत होतो.

न्यूजर्सीचा_बाळू
अवांतर पण कामाचं: ई२० ने नॉकिंग वाढतं हे उलटं आहे हो. इथेनॉलचं ऑक्टेन रेटिंग १०८ च्या आसपास, साध्या पेट्रोलपेक्षा बरंच वर. मिसळल्यावर ऑक्टेन वाढतं, आणि ऑक्टेन म्हणजेच आपोआप न पेटण्याची ताकद. इथे अमेरिकेत पंपावर ८७ लिहिलेलं असतं आणि नवीन आलेले आपले लोक घाबरतात की भारतात ९१ होतं. पण इथे रिसर्च आणि मोटर अशा दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी लिहितात, भारतात फक्त रिसर्चचा आकडा. इथलं ८७ म्हणजे तिकडचं साधारण ९१-९२. माल जवळपास सारखाच.

फीलर_गेज
बाळूशी सहमत. ई२० वर राग काढायचा तर मायलेजवर काढा, इथेनॉलमध्ये उष्मांक कमी असतो त्यामुळे ते पडतंच. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, ओरिंग, पंपाचे भाग यांची काळजी करा. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं आणि वरचं पेट्रोल ऑक्टेन गमावून बसतं, तेव्हा नॉकिंग होऊ शकतं, पण तेव्हा गाडी नुसती टकटकत नाही, चालायलाच कुरकुरते. सरसकट ई२० ने बेअरिंग वाजतं वगैरे सोडून द्या.

ऑक्टेन वाढवायला एकेकाळी काय काय केलंय लोकांनी. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या मिजली आणि केटरिंग या जोडीला सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग टाकलं की नॉकिंग थांबतं. मग पुढची कितीतरी दशकं सगळ्या जगाने ते शिसं हुंगलं. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. माझी निम्मी नोकरी शिशाच्या राखेने पांढुरके झालेले प्लग घासण्यात गेली.

सांगोला_एक्सप्रेस
काका राम राम. ह्या धाग्यातच इचारतो, नवीन काढत नाही. आमची डिझेल पिकअप हाय, डाळिंबाची भाडी मारतो. आठ दिवस झालं खालनं ठक ठक ठक असा आवाज येतोय, गाडी गरम झाल्यावर जास्त. सिग्नलला उभी केली का लाल दिवा मिणमिणतो आन रेस दिली का जातो. ड्रायव्हर म्हणतो सेन्सर गेलाय, दिव्याची वायर काढून टाकतो. काय करावं?

फीलर_गेज
दादा, आत्ता गाडी कुठे आहे? जिथे असेल तिथेच बंद करा आणि टोचन करून न्या, चालवत नेऊ नका. ड्रायव्हरला वायरीला हात लावू देऊ नका, तो दिवाच तुम्हाला वाचवतोय.

सासवडकरांची आणि तुमची केस एकदम उलटी आहे. खोल आवाज, गरम झाल्यावर वाढणारा, सोबत आयडलिंगला ऑइलचा दिवा, म्हणजे ऑइलचा दाब पडलाय आणि बेअरिंग कोरडं चालतंय. मला एक सांगा, अलीकडे चेंबर कुठे दगडाला आपटला होता का?

सांगोला_एक्सप्रेस
व्हय. मागच्या महिन्यात शेतातनं माल भरून काढताना बांधावर बसली होती. चेंबर चेपलाय पण गळत नाय म्हणून सोडून दिलं. गाडी आत्ता वाड्यावर उभी हाय.

फीलर_गेज
मग चोर सापडला असं समजा. चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर ऑइल पंपाची जाळी असते, तिथून पंप ऑइल ओढतो. चेंबर वर चेपला की जाळीचं तोंड दाबलं जातं. ऑइल पातळी पूर्ण दिसते, गळती नाही, आणि तरी पंपाला ओढायला जागा नाही.

मिस्त्रीला सांगा, क्रमाने करू दे. आधी दिव्याच्या सेन्सरच्या जागी काट्याचा प्रेशर गेज लावून गरम इंजिनाला दाब बघायचा. ढोबळ हिशोब, दर हजार आरपीएमला दहा पीएसआय तरी पाहिजे. हे बघताना इंजिन मिनिटाभराच्या वर चालू ठेवायचं नाही. तेवढ्यातच एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचं इलेक्ट्रिक कनेक्शन काढून बघायचं, ज्याचं काढल्यावर ठोका मऊ पडेल त्या रॉडचं बेअरिंग गेलं, कारण जळण बंद झालं की त्या रॉडवरचा दणका जातो. आणि हे मोठ्या अक्षरात लिहून घ्या: जुन्या पंपाच्या गाडीला आपण नोजलचा पाइप सैल करून हे बघायचो, कॉमन रेल, म्हणजे आताच्या डिझेल गाडीला पाइपला पाना लावायचाच नाही. आत हजार-दीड हजार बारच्या वर दाब असतो, ती धार बोटातून आरपार जाते. मग ऑइल काढून चेंबर उतरवा, तळाला सोनेरी-तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलाय.

वहिनी_चालवतात_गाडी
बापरे. वाचूनच हात बोटं तपासली. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

पण मला एक सांगा, आमच्या गाडीचा टॅपेटचा आवाज येत होता तर मेकॅनिक म्हणाला येऊ दे, आवाज करणारं टॅपेट चांगलं. खरंय का हे?

फीलर_गेज
अर्धं खरं आहे वहिनी. सैल टॅपेट बोंबलतं, घट्ट टॅपेट गप्प बसून व्हॉल्व्ह जाळतं. घट्ट असलं की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, आणि व्हॉल्व्हची उष्णता जायचा मुख्य रस्ता तीच सीट आहे. सीएनजीवर जास्त चालणाऱ्या गाड्यांमध्ये सीट हळूहळू आत झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जातो, म्हणजे गाडी दिवसेंदिवस शांत होत जाते आणि एक दिवस कॉम्प्रेशन जातं. त्यामुळे सीएनजीवाल्यांनी आवाज नसतानाही फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून गॅप बघून घ्यावा. काही इंजिनांना हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांना सेटिंग नसतं, ती वाजली तर आधी ऑइलकडे बघायचं.

यावरून आठवलं. @सासवडकर, गाडीला सीएनजी आहे का?

सासवडकर_७७
आहे की. गेल्या वर्षी गणपतीनंतर बाहेरून सिक्वेन्शियल किट बसवलं. पण गावी जाताना मी पेट्रोलवरच जातो, हायवेला गॅसच्या पंपावर कोण थांबणार तासतासभर.

टॉर्करेंच
गणपतीनंतर किट आणि दिवाळीपासून आवाज. हम्म.

फीलर_गेज
आता एकच काम करा. टाकी भरून गॅसवर तोच घाट, तोच गिअर, तेवढीच माणसं, एसी चालू. आवाज येतो का ते सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
काका गॅसवर कायले पाठवून राहिले? आवाज तर पेट्रोलवर येते ना बापा.

टॉर्करेंच
म्हणूनच तर. सीएनजीचं ऑक्टेन १२० च्या वर, ते सहजासहजी नॉक होत नाही. बेअरिंगला काय कळतंय वर पेट्रोल जळतंय की गॅस, ते गेलं असेल तर दोन्हीवर वाजेल. फक्त पेट्रोलवर वाजलं तर इंजिन उघडायचा प्रश्नच मिटला. ज्याच्याकडे दोन इंधनांची गाडी आहे त्याच्या हातात आयती टेस्ट आहे ही.

टर्बो_टिंग्या
वाचतोय. माझी एक लिटर टर्बो पेट्रोल, लो आरपीएमला जोरात दाबली तर एखादा मोठा "ठॉक" येतो, एकच, मग काही नाही. हेच का?

टॉर्करेंच
चुलतभाऊ म्हणा. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटतं, ऑइलचे बारीक थेंब आणि कार्बन त्याला कारण होतात. एकच ठोका पण फार जबर, पिस्टन फुटलेत त्याने. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं आहे का बघा, २०२० साली आलेलं हे ग्रेड यासाठीच्या टेस्ट पास झालेलं असतं. आणि पाचव्या गिअरला चाळीसने जाताना दाबू नका हो, गिअर कशाला दिलेत.

सासवडकर_७७
रविवारी जाऊन आलो. गॅसवर एकदम शांत! पिकअप थोडा कमी पण आवाज शून्य. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, पेट्रोलवर टाकली, पुढच्या चढाला लगेच टकटक. बायको म्हणाली आता तरी हसताय.
ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (ईसीयूचे आकडे फोनवर दाखवणारा) पण घेतलाय. कोणते आकडे बघू?

फीलर_गेज
छान. चाळीस हजार वाचले, वहिनींना वडापाव तरी खायला घाला.

आता पेट्रोलवरच का, याची कारणं. किट बसवल्यानंतर सुरू झालंय हे धरून चाललं तर पहिला संशय मिश्रण. सतत गॅसवर चालून पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात, पेट्रोल कमी पडतं, मिश्रण लीन होतं. डोंगलवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतंय-घटवतंय तो आकडा) बघा, पेट्रोलवर, इंजिन गरम असताना. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण ठीक समजा. कूलंटचं तापमान चढावर किती जातं ते बघा. प्लग काढून त्यावरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळवा, किटवाले कधीकधी वेगळ्या हीट रेंजचे (उष्णता बाहेर टाकायच्या क्षमतेचे) टाकतात.

सासवडकर_७७
ट्रिम +३ च्या आसपास. तापमान चढावर पण ९६ च्या वर गेलं नाही. प्लग पुस्तकातल्याच नंबरचे. टायमिंग ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) आयडलिंगला ८-१० मध्ये हलतो, दोन हजाराला २६ दाखवतो, चढावर आवाज येतो तेव्हा एकदम खाली पडतो.

टॉर्करेंच
म्हणजे नॉक सेन्सर जिवंत आहे आणि ईसीयू बिचारं जीव तोडून टायमिंग मागे घेतंय.

गॅसकिट_गणू
धागा आत्ता वाचला. मी सात वर्षं किट बसवायचो, आता दुसरा धंदा आहे. सासवडकर, एअर फिल्टरच्या आसपास किंवा बॅटरीमागे काळा छोटा डबा आहे का, गॅसच्या ईसीयूपेक्षा लहान, ज्याच्या वायरी क्रँक सेन्सरकडे (क्रँक कुठे फिरलाय ते ईसीयूला सांगणारा) जातात? त्याला आम्ही टॅप म्हणतो, टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर. गॅस हळू जळतो म्हणून ठिणगी आधी टाकावी लागते, पण गाडीचं ईसीयू तर पेट्रोलच्या हिशोबाने टाकणार. मग हा डबा क्रँक सेन्सरचा सिग्नल मध्ये अडवून पुढे सरकवून देतो, साधारण ६ ते १५ अंश, किटवाला सेट करेल तेवढा. पेट्रोलवर आल्यावर त्याने गप्प बसायचं असतं. गॅस चालू आहे हे त्याला कळतं एका वायरीवरून, जी गॅसच्या सोलेनॉइडवरून (गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) घ्यायची असते. घाईत असलेला पोरगा ती चावीच्या लाइनवर मारतो, कारण ती जवळ सापडते. मग टॅप चोवीस तास चालू, पेट्रोलवर पण.

न्यूजर्सीचा_बाळू
मग इंजिन लाइट का नाही लागली? क्रँक आणि कॅमच्या सिग्नलचा मेळ बसला नाही तर कोड यायला हवा ना.

गॅसकिट_गणू
बरेच डबे दोन्ही सिग्नल बरोबरच सरकवतात. ईसीयूला सगळं जुळलेलंच दिसतं. म्हणून डोंगलवरचा २६ हा ईसीयूला वाटणारा २६ आहे, खरी ठिणगी कधी पडते ते त्याला माहीतच नाही.

फीलर_गेज
वा गणू, हे खरं काम! म्हणजे इथे स्कॅनर आंधळा आहे, जुनी टायमिंग लाइट पाहिजे, ठिणगी पडली की लुकलुकणारा दिवा, त्याने खरी वेळ कळते. कॉइल थेट प्लगवर असेल तर मध्ये एखाद्या जुन्या गाडीची हायटेन्शन वायर जोडायची आणि लाइटचा चिमटा तिच्यावर लावायचा. पुलीवरच्या खाचेत खडू भरा. पेट्रोलवर दोन हजारावर धरून स्कॅनरचा आकडा आणि लाइटचा आकडा शेजारी शेजारी बघा. सैल कपडे, ओढणी, बेल्टपासून लांब.

सांगोला_एक्सप्रेस
काका, चेंबर उतरवला. जाळी चेपून पार चिकटली होती तळाला. तीन नंबर रॉडच्या बेअरिंगचं तांबं दिसाय लागलंय, पर क्रँकला वळ नाय, नख फिरवून बघितलं, मायक्रोमीटरनं पण माप बरोबर आलं. मिस्त्री म्हणतो स्टँडर्ड बेअरिंग टाकू.

फीलर_गेज
नशीबवान आहात. क्रँकला वळ असता तर लेथवर घासून पाव एमएम अंडरसाइझ टाकावं लागलं असतं आणि इंजिन पूर्ण खाली. चारही रॉडची बेअरिंग बदला, नुसतं तिसरं नको. रॉडचे बोल्ट नवीन, टॉर्क रेंचनेच आवळा. रॉडच्या टोप्या अदलाबदल होऊ देऊ नका, ज्याची त्याला. चेंबर ठोकून सरळ करू नका, नवीन आणा. ऑइल पंप उघडून धुवा. सुरू करायच्या आधी इंजेक्टरची कनेक्शनं काढून गेजवर दाब दिसेपर्यंत नुसता सेल्फ मारा, थांबून थांबून.

सासवडकर_७७
अपडेट! काकांच्या सांगण्यावरून शोधून शोधून एक म्हातारे मिस्त्री गाठले ज्यांच्याकडे डायलवाली टायमिंग लाइट अजून आहे. पेट्रोलवर, दोन हजार आरपीएमला डोंगल म्हणतो २६ आणि लाइट दाखवते ३८. मिस्त्रींनी काही न बोलता टॅपच्या वायरी हाताने मागे मागे चाचपत नेल्या आणि निघालं गणूभाऊंनी सांगितलं तेच, गॅसचा सिग्नल घेणारी वायर चावीच्या लाइनला टेपने गुंडाळलेली. ती काढून सोलेनॉइडवर घेतली, नीट सोल्डर करून स्लीव्ह घातली. परत लाइट लावली, पेट्रोलवर दोन्ही आकडे जुळले, गॅसवर टाकल्यावर १२ चा फरक, म्हणजे पाहिजे तसं. साडेतीनशे रुपये घेतले, मी पाचशे दिले.

खंबाटकीला नेऊन आणली, पाच माणसं आणि एसी. शांत. पिकअप पण परत आलाय. आतून काही नुकसान झालं असेल का एवढ्या दिवसांत?

फीलर_गेज
प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर भिंग धरून मिऱ्याच्या भुकटीएवढे चकचकीत ठिपके दिसतात का बघा, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. नसतील तर एकदा चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून टाका, सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून.

सासवडकर_७७
ठिपके नाहीत. कॉम्प्रेशन १६५, १६०, १६५, १६०.

फीलर_गेज
एकदम निरोगी. चालवा बिनधास्त.

धडक_बेधडक
आणि तो हाफ इंजिनवाला काय म्हणाला?

सासवडकर_७७
म्हणाला, "मी म्हणलोच होतो वायरिंग बघून घ्या."

वऱ्हाडी_ठेचा
=)) =))

फोंड्याचो_पात्राव
मस्त धागा. माझ्या गाडीलाही बाहेरचं किट आहे, चोर्ला घाटात पेट्रोलवर अशीच बारीक खरखर येते. माझ्यात टॅप आहे की नाही हे घरच्या घरी कसं ओळखू? इथे टायमिंग लाइट कोणाकडे बघितलेली नाही.

गॅसकिट_गणू
क्रँक सेन्सर शोधा, बहुतेक गिअरबॉक्सच्या तोंडाशी नाहीतर पुढे पुलीजवळ असतो. त्याची वायर फुटभर मागे बघत जा. कंपनीची पन्हळी नळी मध्येच फाडून काळा टेप गुंडाळलेला दिसला आणि तिथून जास्तीच्या वायरी निघत असल्या तर टॅप आहे. काही डब्यांना वेगळा कनेक्टर असतो, तसा असेल तर इंजिन बंद करून डबा काढायचा, सेन्सरचा मूळ कनेक्टर मूळ जागी लावायचा आणि पेट्रोलवर चोर्ला चढून बघायचं. खरखर गेली तर वायर तपासून घ्या. नाही गेली तर ट्रिम आणि प्लगचा नंबर इथे टाका, पुढचं बघू. सोल्डर केलेलं असेल तर स्वतः कापाकापी करू नका, क्रँकचा सिग्नल तुटला की गाडी घाटात जागेवर बंद पडेल.